कोरियन लोककथा : बालकथनाची परंपरा

कोरियन द्वीपकल्पात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना कोरियन भाषेत ‘येन्नाल इयागी’ म्हणजे जुन्या काळची गोष्ट असे म्हणतात. त्यांपैकी ज्या गोष्टी मुलांसाठी म्हणून निवडून व संस्कारून छापल्या गेल्या, त्यांना ‘जॉल्ले दोंगह्वा’ (परंपरागत बालकथा) ही संज्ञा आहे. पहिला शब्द घरातला, आजीच्या तोंडचा. दुसरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी ‘दोवा’ ह्या संज्ञेच्या वळणावर बनलेला व छापील पुस्तकांतून रूढ झालेला आहे. व्यवहारात ह्या दोहोंत फारसा भेद केला जात नाही. परंतु कोरियन मुलांना आज परिचित असलेली लोककथा कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने घडविली, हे समजून घेताना तो भेद लक्षात ठेवावा लागतो.

कथनाचे पारंपरिक स्थळ म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील ‘ओन्दोल’ पद्धतीची खोली. चुलीतील धूर व उष्ण हवा जमिनीखालच्या मार्गांतून फिरवून अशी खोली ऊबदार ठेवली जाते. चुलीजवळची सर्वांत उबदार जागा घरातील वडीलधाऱ्यांची असे आणि हिवाळ्याच्या दीर्घ रात्री नातवंडे तेथेच आजीभोवती जमत. गोष्टीचा प्रारंभ ‘फार फार पूर्वी, वाघ तंबाखू ओढीत असत त्या काळी’ अशा अर्थाच्या ठरीव वाक्याने होई. तंबाखू कोरियात सतराव्या शतकाच्या आरंभी जपानमार्गे आली. तेव्हा अतिप्राचीनतेचा आव आणणारे हे वाक्य स्वतः फारसे प्राचीन असू शकत नाही, ही गमतीची गोष्ट होय. कथनाविषयी लोकांच्या मनातील भाव संमिश्र होता. गोष्टींचा नाद असणारा दरिद्री राहतो, अशा अर्थाची एक म्हण प्रचलित आहे. त्याच्या उलट सांगणारी एक कथाही आहे : एका श्रीमंत घरच्या मुलास गोष्टी ऐकण्याचा छंद असतो; पण ऐकलेली प्रत्येक गोष्ट तो पिशवीत कोंबून तिचे तोंड बांधून ठेवतो, कोणास सांगत नाही. कोंडलेल्या गोष्टी गुदमरून सूडाची भुते बनतात आणि त्याच्या विवाहाच्या दिवशी विषारी फळे, तापलेले लोखंड, सर्प इत्यादींच्या रूपाने त्यास ठार मारण्याचा कट करतात. एक वृद्ध सेवक ती कुजबुज ऐकतो म्हणून तो वाचतो. न सांगितलेली गोष्ट सूड घेते, ही कल्पना भारतातही अपरिचित नाही, अ. कृ. रामानुजन (१९२९–९३) ह्यांनी कन्नड भाषेतील अशीच एक कथा प्रसिद्धीस आणली आहे.

कोरियन लोककथांचे सर्वांत जुने लिखित आधार बालवाङ्‌मयाचे नाहीत. ११४५ मध्ये किम बू-सिक (१०७५–११५१) ह्याने सिद्ध केलेल्या *सामगुक सागी* ह्या इतिहासग्रंथात ससा व कासव ह्यांची कथा येते, ती राजकीय संदर्भात. ६४२ मध्ये शिल्ला राज्याचा दूत किम चुन-चू हा गोगुर्यो राज्यात बंदिवासात पडला असता तेथील एका दरबाऱ्याने त्यास ती ऐकविली. समुद्रातील नागराजाच्या आजारी कन्येस सशाचे यकृत औषध म्हणून हवे असते. कासव सशास फसवून पाठीवरून नेऊ लागते. तेव्हा ससा, यकृत धुऊन खडकावर वाळत ठेवले आहे, असे सांगून किनाऱ्यावर परत येतो व निसटतो. दूताने कथेतील मर्म ओळखले; मागितलेला प्रदेश परत देण्याचे वरकरणी आश्वासन देऊन त्याने सुटका करून घेतली. मराठी वाचकास ह्या कथेतील माकड व मगर तत्काळ ओळखू येतील. *पंचतंत्रा*च्या ‘लब्धप्रणाश’ ह्या तंत्रात व *जातककथां*तही ती कथा आहे. भारतातून चिनी भाषांतरित बौद्ध ग्रंथांमार्फत ती कोरियात पोहोचली, असे सामान्यतः मानले जाते. माकडाच्या जागी ससा आणि हृदयाच्या जागी यकृत आले, तरी प्राण वाचविणारी थाप तीच राहिली. पुढे ह्याच कथेवर पान्सोरी ह्या गायनप्रधान कथनप्रकारातील *सुगुंगा* ही रचना उभी राहिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस इर्‌यॉन (१२०६–८९) ह्या बौद्ध भिक्षूने संकलित केलेल्या *सामगुक युसा* ह्या ग्रंथात, लसूण व दवण्याच्या जातीची वनस्पती खाऊन मानवी स्त्री बनलेल्या अस्वलीची पुराणकथा आहे. गाढवासारखे कान असलेल्या ग्यॉंगमुन राजाची (कार. ८६१–८७५) कथाही त्यात आहे. त्याचे गुपित जाणणारा शिरोवेष्टनकार मरणापूर्वी ते बांबूच्या वनात ओरडून मोकळा होतो आणि वारा सुटला की बांबू तेच शब्द बोलू लागतात. ह्या कथा आज शिशुवर्गात सांगितल्या जातात. ज्यांनी त्या लिहून ठेवल्या त्यांच्या मनात मात्र बालश्रोता नव्हता.

जोसन राजवटीत (१३९२–१९१०) कन्फ्यूशसप्रणीत विचारसरणीचे प्राबल्य होते. मुलांनी काय ऐकावे, ह्याविषयी राज्यकर्त्यांची दृष्टी १४३४ च्या *सामगांग हेंगसिल-दो* ह्या सचित्र ग्रंथावरून स्पष्ट होते. त्यात राजनिष्ठ सेवक, पितृभक्त पुत्र व पतिव्रता स्त्रिया ह्यांची उदाहरणे आहेत. वाघ, भुते व मूर्ख जावई ह्यांच्या गोष्टी विद्वानांच्या दृष्टीने क्षुद्र होत्या. काही विद्वानांनी विनोदी आख्यायिकांचे संग्रह केले, पण ते अभिजात चिनी भाषेत व प्रौढांच्या करमणुकीसाठी. १४४६ मध्ये प्रसृत झालेली हांगुल ही सुलभ वर्णमाला हाताशी असूनही घरगुती गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे फारसे कोणास वाटले नाही. त्या सांगणाऱ्या बहुधा स्त्रिया होत्या आणि स्त्रियांचे बोलणे लेखनयोग्य समजले जात नव्हते, हे त्याचे एक कारण होय. असे असूनही पितृभक्तीचा उपदेश घरगुती कथेतही शिरलाच. आईच्या प्रत्येक आज्ञेच्या उलट वागणारा हिरवा बेडूक तिची अखेरची आज्ञा तेवढी पाळतो, तिला ओढ्याकाठी पुरतो आणि पाऊस येताच थडगे वाहून जाईल ह्या भयाने टाहो फोडतो. हट्टी मुलास कोरियन भाषेत आजही ‘हिरवा बेडूक’च म्हणतात.

ह्या कथाविश्वातील प्रमुख पात्र वाघ होय. डोंगराळ प्रदेशात विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वाघाचा प्रत्यक्ष वावर होता. त्यामुळे कथेतील भय काल्पनिक नव्हते. त्याच वाघाची फजिती करणे ही मुलांची आवडती करमणूक होती. रडणाऱ्या बालकास आई ‘वाघ आला’ असे सांगते, तरी ते थांबत नाही; पण टेंभुर्णीच्याच प्रजातीतील पर्सिमन ह्या झाडाचे वाळविलेले फळ (गोत्‌गाम) दाखविताच ते गप्प होते. बाहेर दडलेल्या वाघास वाटते, गोत्‌गाम हा आपल्याहून भयंकर प्राणी असला पाहिजे. आणि अंधारात गुरे चोरण्यास आलेला चोर पाठीवर बसताच तोच गोत्‌गाम समजून वाघ धूम पळत सुटतो. उत्तर भारतात छपराच्या गळतीस म्हणजे ‘टिपटिपव्या’स भिणाऱ्या वाघाची गोष्ट सांगतात. *पंचतंत्रा*च्या अखेरच्या तंत्रातही चोरास अधिक बलवान राक्षस समजून भ्यालेल्या राक्षसाची कथा आहे. ही सर्व एकाच कथाप्रकाराची रूपे होत.

बालकथनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कथा ‘सूर्य व चंद्र झालेली भावंडे’ ही होय. एक गरीब विधवा श्रीमंतांच्या घरचे काम आटोपून तांदळाच्या पिठाच्या वाफविलेल्या वड्या घेऊन डोंगरवाटेने घरी निघते. प्रत्येक खिंडीत वाघ आडवा येतो आणि एक वडी दिलीस तर खाणार नाही, असे म्हणतो. वड्या संपतात. अनेक मौखिक पाठांत ह्यानंतर वाघ तिचा एक हात, मग दुसरा, मग पाय मागतो आणि शेवटी तिलाच खातो. तिचे कपडे घालून तो घरी येतो. मुले आवाजाची व हाताची परीक्षा घेतात, फसतात, मागील दाराने निसटून विहिरीजवळच्या झाडावर चढतात. तेल लावून चढलो, असे भाऊ सांगतो, तेव्हा वाघ घसरतो. पण धाकटी बहीण भाबडेपणाने कुऱ्हाडीने खाचा पाडण्याची युक्ती सांगून टाकते. मुलांनी प्रार्थना करताच आकाशातून दोर येतो. वाघासाठी येतो तो कुजका असतो. तो तुटून वाघ ज्वारीच्या शेतात पडून मरतो आणि त्याच्या रक्ताने ज्वारीच्या ताटांवर तांबडे डाग पडतात. भाऊ सूर्य होतो व बहीण चंद्र. परंतु बहिणीस रात्रीच्या काळोखाची भीती वाटते म्हणून दोघे जागा बदलतात. दारावरील परीक्षेचा प्रसंग यूरोपातील लांडगा व सात करडे ह्यांच्या कथेशी जुळतो. डोंगरवाट, वड्यांची मागणी, ज्वारीचे डाग ह्या गोष्टी मात्र येथील मातीच्या आहेत. खिंडीमागून खिंड अशी होणारी पुनरावृत्ती हे ह्या कथेचे बळ असून लहान मूल वाघाचे वाक्य कथनकर्त्याबरोबर स्वतःच म्हणू लागते. आईच्या मृत्यूचे काय करावे, हा प्रश्न मात्र ही कथा छापताना प्रत्येक संपादकापुढे उभा राहिला.

मुद्रित संग्रहांचा प्रारंभ परकीयांनी केला. अमेरिकन वैद्यक-मिशनरी हॉरेस ॲलन ह्यांचा इंग्रजी कथासंग्रह १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला; जेम्स गेल ह्यांनी १९१३ मध्ये जुन्या आख्यायिकांचे भाषांतर केले. हे ग्रंथ पाश्चात्त्य वाचकांसाठी होते. १९१० मध्ये जपानने कोरिया बळकावल्यानंतर जपानी शासनाने प्रजेच्या चालीरीतींचे पद्धतशीर संकलन आरंभिले. त्यात लोककथांचाही अंतर्भाव होता. १९२४ मध्ये शासनाने पंचवीस कथांचा *जोसन दोंगह्वाजिप* हा संग्रह जपानी भाषेत काढला. केवळ बालकथांना वाहिलेला हा पहिला महत्त्वाचा संग्रह होय. तो निव्वळ कुटिल हेतूने केला असे म्हणणे एकांगी ठरेल. संकलन म्हणून त्यास मोल आहे. तथापि कोरियन मुलाची गोष्ट प्रथम परक्या सत्तेच्या भाषेत व तिच्या निवडीने ग्रंथबद्ध झाली, ही वस्तुस्थिती पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

ह्याच सुमारास कोरियन बालचळवळ उदयास आली. तिचे प्रवर्तक बांग जॉंग-ह्वान (१८९९–१९३१) हे १९१९ च्या स्वातंत्र्यआंदोलनातील एक नेते व चॉन्दोग्यो ह्या कोरियन धर्मपंथाचे प्रमुख सोन ब्यॉंग-हुई ह्यांचे जामात होत. टोकिओत शिक्षण घेत असताना जपानमधील इवाया साझानामी (१८७०–१९३३) प्रभृतींनी रूढ केलेली, सभागृहात मुलांना गोष्टी सांगण्याची पद्धती त्यांनी पाहिली. परसत्तेच्या राजधानीतच त्यांनी हे साधन आत्मसात केले आणि ते तिच्याच विरुद्ध वापरले. लहान मुलास आदराने उल्लेखण्यासाठी ‘ऑरिनी’ हा शब्द त्यांनी रूढ केला व मार्च १९२३ मध्ये त्याच नावाचे मासिक काढले. १९२३ च्या बालदिनानिमित्त वाटलेल्या पत्रकात मोठ्यांनी मुलांशी आदरार्थी भाषेत बोलावे, असे आवाहन होते. वयाच्या श्रेणीवर उभ्या असलेल्या समाजात ही सूचना लहान नव्हती. १९२२ मध्ये *गेब्यॉक* ह्या मासिकाने वाचकांकडून जुन्या गोष्टी मागविण्याची योजना जाहीर केली, तिच्यामागेही बांग ह्यांचीच प्रेरणा होती. परदेशी परीकथांचे त्यांनी केलेले भाषांतर अतिशय लोकप्रिय झाले असताना, स्वतःच्या देशातील कथा अद्याप गोळाच झालेल्या नाहीत, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. ते स्वतः उत्कृष्ट कथनकार होते. ऐन बत्तिशीत त्यांचे निधन झाले. *ऑरिनी* वर अभ्यवेक्षणाचा बडगा होताच, ते १९३०–४० ह्या दशकाच्या मध्यास बंद पडले.

१९२६ मध्ये शिम उइ-रिन (१८९४–१९५१) ह्या शिक्षकाने *जोसन दोंगह्वा देजिप* हा सहासष्ट कथांचा संग्रह कोरियन भाषेत व हांगुल लिपीत प्रसिद्ध केला. बांग ह्यांच्यासमवेत बालसंघटनेत काम केलेले सोन जिन-थे ह्यांनी १९३० मध्ये लोककथांचा शास्त्रीय संग्रह काढला, तो मात्र जपानीत. १९३८ च्या शिक्षणविषयक आदेशानंतर शाळांतून कोरियन भाषेचे अध्यापन जवळजवळ बंद झाले आणि १९४० मध्ये कोरियन वृत्तपत्रेही बंद पाडण्यात आली. त्याच १९४० मध्ये पाक यॉंग-मान ह्या तरुणाने पंचाहत्तर कथांचा *जोसन जॉल्ले दोंगह्वाजिप* कोरियन भाषेत प्रसिद्ध केला. पुढे ते चीनमध्ये जाऊन कोरियन मुक्तिसेनेत दाखल झाले. शाळेत मुलास जी भाषा बोलण्याची बंदी होती, त्याच भाषेत वाघाची व सशाची गोष्ट छापली गेली, एवढ्यावरूनही ह्या संग्रहाचे स्थान ध्यानात येते. आशय निरुपद्रवी होता म्हणूनच कदाचित तो प्रसिद्ध होऊ शकला.

वसाहतकालीन वारशाचा सर्वांत गाजलेला वाद आवाळू असलेल्या म्हाताऱ्याच्या कथेविषयी आहे. गालावर आवाळू असलेला एक म्हातारा रात्री ओसाड घरात गात बसतो. ‘दोक्केबी’ ह्या भुतांना त्याचा मधुर स्वर आवाळूतून येतो असे वाटते व ती धन देऊन ते विकत घेतात. लोभी शेजारी त्याचे अनुकरण करतो, तर त्यास दुसरेही आवाळू चिकटते. तेराव्या शतकातील एका जपानी कथासंग्रहात हीच कथा आहे. तेथे म्हातारा गात नाही, नाचतो, आणि राक्षस त्याने परत यावे म्हणून आवाळू तारण ठेवून घेतात. जपानी राजवटीतील पाठ्यपुस्तकांत ही कथा आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. दोन्ही देशांची लोकपरंपरा मुळात एकच, हे बिंबविण्यासाठी ती मुद्दाम घुसविली गेली, असे काही कोरियन अभ्यासक मानतात. कथेबरोबर दोक्केबीचे चित्रही बदलले, हा त्यांचा आक्षेप अधिक सबळ आहे. डोक्यावर शिंग व हाती खिळ्यांची गदा असलेले रूप जपानी ‘ओनी’चे आहे. मौखिक परंपरेतील दोक्केबी माणसाने वापरून टाकलेल्या केरसुणीसारख्या वस्तूतून निर्माण होतो, वाटसरूंना कुस्तीचे आव्हान देतो, कुट्टूच्या पिठाची खांडवीसारखी वडी त्यास प्रिय असते आणि तो सहज फसतो. कथेच्या मुळाविषयी मात्र सावधपणे बोलणे इष्ट. हा कथाप्रकार यूरोप व आशिया खंडांत दूरवर पसरलेला आहे. शिवाय नवव्या शतकात दुआन चंगश ह्या चिनी लेखकाने शिल्लातील बांगी ह्याची कथा नोंदविली असून तीत इच्छिलेली वस्तू देणारी सोन्याची मोगरी व लोभी भावास मिळालेली शिक्षा हे घटक आधीच आहेत.

१९४५ मध्ये जपानी सत्ता संपली. पण देश दुभंगला आणि १९५०–५३ च्या युद्धाने गावेच्या गावे उठली. कथासंकलनावर ह्याचा परिणाम खोल झाला. इम सॉक-जे (१९०३–९८) हे उत्तरेकडील प्योंगान प्रांतात शिक्षक असताना त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने कथा गोळा केल्या होत्या. पुढे तो प्रदेश दक्षिणेतील अभ्यासकांना कायमचा बंद झाला. त्यांचे बारा खंडांतील संकलन १९८७ ते १९९३ ह्या काळात प्रसिद्ध झाले आणि उत्तरेच्या बोलीतील कथांचा तो आज अनन्य आधार आहे. छ्वे इन-हाक ह्यांनी १९७९ मध्ये कोरियन कथांची आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार प्रकारसूची तयार केली. औद्योगिकीकरण व शहरांतील सदनिकांत राहणारे लहान कुटुंब ह्यांमुळे आजी व नातवंड एका छपराखालून दूर झाली. त्याच सुमारास कोरियन अध्ययनाच्या राष्ट्रीय संस्थेने देशभर ध्वनिमुद्रण हाती घेतले. १९८०–८८ मध्ये निघालेल्या *हान्गुक गुबी मुन्हाक देग्ये* ह्या मालेच्या ब्याऐंशी खंडांत पंधरा हजारांवर कथा निवेदकांच्या शब्दांत, त्यांच्या चुकांसह व श्रोत्यांच्या उद्‌गारांसह उतरविल्या आहेत.

ह्या सामग्रीमुळे छापील बालकथा व मौखिक कथा ह्यांतील अंतर प्रथमच मोजता येऊ लागले. बालपुस्तकांत वाघ आईला खाऊन टाकतो एवढेच एका वाक्यात येते, किंवा काही आवृत्त्यांत तेही गाळले जाते. हात-पाय मागण्याचा प्रसंग तर क्वचितच उरतो. कोवळ्या वयास क्रौर्य नको, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु आईच मेली नसेल तर मुलांचे आकाशाकडे हात जोडणे पोकळ ठरते, हेही तितकेच खरे. लाकूडतोड्या व अप्सरा ह्या कथेविषयीचा आक्षेप निराळा आहे. स्नान करणाऱ्या अप्सरेचे वस्त्र लपवून तिला संसारास भाग पाडणारा नायक सज्जन म्हणून मुलांपुढे ठेवावा काय, असा प्रश्न अलीकडील काळात शिक्षक व पालक विचारू लागले आहेत. ह्याला कथा वगळणे हे एकच उत्तर नाही, हे बेक ही-ना ह्यांनी दाखवून दिले. त्यांच्या २०१२ मधील चित्रपुस्तकात जुनाट सार्वजनिक स्नानगृहाच्या थंड पाण्याच्या हौदात एका मुलीस वृद्ध अप्सरा भेटते. वस्त्र हरवल्यामुळे ती स्वर्गात परत जाऊ शकलेली नाही. लाकूडतोड्या येथे जवळजवळ लुप्तच झाला असून गोष्ट अप्सरेची झाली आहे. बेक ह्यांना २०२० मध्ये ॲस्ट्रिड लिंडग्रेन स्मृतिपुरस्कार मिळाला.

आजीच्या तोंडची गोष्ट परत आणण्याचा एक संघटित प्रयत्न २००९ पासून चालू आहे. आन्दोंग येथील कोरियन अध्ययनसंस्थेने शासनाच्या साहाय्याने छप्पन वर्षांपुढील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन बालवाड्यांतून पाठविण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी त्या तीस होत्या. नंतर ही संख्या हजारांत गेली. पुस्तक वा चित्र हाती न घेता, गोष्ट पाठ करून मुलांकडे पाहत सांगावयाची, असा त्यांचा शिरस्ता आहे. गोष्टी मात्र त्यांच्या स्वतःच्या नसतात. संस्थेने निवडलेला व संपादिलेला पाठ त्यांना दिला जातो. त्यामुळे देशभरातील मुलांच्या कानी एका वर्षी एकच पाठ पडतो. ज्या स्त्रियांनी बालपणी आपल्या आजीकडून वेगळा पाठ ऐकला होता, त्यांची संख्या दर वर्षी घटत आहे.